घरसंसार सांभाळून

गेल्या मार्चमधली गोष्ट. आठ तारखेला पुण्यात सभागृह मिळणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा मिळण्यापैकी, त्यामुळे आमचा महिला दिन अकरा तारखेला झाला. निवेदन माझ्याकडे होतं. हा काही माझा व्यवसाय नाही. आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी येऊन माइक तपासते, एवढ्या भांडवलावर गेली पंधरा-सोळा वर्षं कोथरूड-कर्वेनगर-एरंडवणे पट्ट्यातल्या मंडळांची मी घरची निवेदिका होऊन बसले आहे. तारखेची सारवासारव मी अशी केली की, ११ मार्च १८८६ या दिवशी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा आपल्या मराठी बायकांचा महिला दिन खरं तर आजच. टाळ्या आल्या. जांभळ्या साड्यांची पहिली रांग खूश झाली. कार्यक्रम आपल्या मुठीत आहे असं वाटायला लागलं की माणूस कुठे ना कुठे घसरतोच.

प्रमुख पाहुण्या एका राष्ट्रीयीकृत बँकेतून एजीएम, म्हणजे सहायक महाव्यवस्थापक, म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडलेली, राखाडी सुती साडी, मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं मोठ्या डायलचं घड्याळ. आयोजकांनी त्यांची माहिती मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती: बी.कॉम., १९७३ साली क्लार्क, सीएआयआयबी या बँकेतल्या लोकांच्या परीक्षेचे दोन्ही पार्ट, १९८३ साली ऑफिसर, आणि पुढे नुसती पदं आणि गावं. परभणी, हुबळी, इंदूर, मुंबई. गावं मी गाळली. परिचय दीडशे शब्दांत बसवायचा असतो, आणि गावांची यादी सुरू झाली की लोक पंख्याकडे बघायला लागतात. गाळलेल्या जागी मी एक वाक्य घातलं, ‘घरसंसाराची जबाबदारी समर्थपणे सांभाळून त्यांनी बँकिंग क्षेत्रात उत्तुंग भरारी घेतली.’ हे वाक्य त्यांनी पाठवलेल्या माहितीत कुठेही नव्हतं. आमटीत मीठ घालावं तसं मी ते घातलं, चव न बघता.

शाल झाली, नारळ झाला, तुळशीचं रोप झालं. बाई माइकपाशी आल्या, चष्मा बदलला आणि म्हणाल्या, “परिचय छान होता. एक नोंद चुकली आहे, तेवढी दुरुस्त करते. घरसंसार मी सांभाळला नाही. मी दहा-बारा वर्षं बदल्यांवर होते. माझी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले माझे वडील, दोघांना माझ्या वहिनीनं सांभाळलं. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. वहिनी, तू उभी राहणार नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा बसूनच राहा.” सभागृहातली सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. कडेच्या खुर्चीत एक ठेंगणी बाई मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. तिनं वर पाहिलं नाही. टाळ्या झाल्या, त्या थांबल्या, आणि पाहुण्याबाईंनी पुढची पंचवीस मिनिटं बँकेतल्या ठेवींना नॉमिनेशन का करावं आणि नॉमिनी म्हणजे वारस कसा नव्हे, यावर भाषण केलं. निम्म्या सभागृहानं पर्समधले कागद काढून लिहून घेतलं. महिला दिनाचं इतकं उपयोगी भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

मी मात्र स्टेजच्या कोपऱ्यात त्या एका वाक्यापाशीच उभी होते.

घरी आले तर झोप येईना. माझ्याकडे निवेदनाच्या वह्या आहेत. संगणकावर टाइप करत असले तरी वाचताना मला हाताचं अक्षर लागतं, म्हणून प्रत्येक परिचय वहीत उतरवते. त्या रात्री वह्या काढल्या आणि बायकांचे परिचय तेवढे चाळले. प्राध्यापिका, सीए, डॉक्टर, मसाल्याचा कारखाना काढलेली, विद्यापीठात विभागप्रमुख झालेली, शेअर बाजारावर लिहिणारी. ‘घरसंसार सांभाळून’, ‘संसाराची धुरा वाहतानाच’, ‘मुलांच्या संगोपनात कुठेही कमी न पडता’. हे शेवटचं मी एका बाईंच्या परिचयात लिहिलं होतं आणि त्यांना मूलबाळ आहे की नाही हे आज मला आठवत नाही. मग पुरुषांचे परिचय पाहिले. तिथे वाक्य वेगळं होतं, ‘पत्नीची समर्थ साथ लाभली’. म्हणजे पुरुषाला लाभतं आणि बाई सांभाळते. हा ‘सांभाळून’ शब्दही मोठा लबाड आहे. रस्ता ओलांडणाऱ्याला आपण म्हणतो, सांभाळून. गरम भांडं उचलणाऱ्याला म्हणतो, सांभाळून. बाईनं नाव मिळवलं की तिच्या परिचयातही म्हणतो, सांभाळून. तिची काळजी म्हणून म्हणतो की समोर बसलेल्यांची, हे काही मला ठरवता आलेलं नाही.

आमचा सगळा भागच कर्व्यांच्या नावाचा. कर्वे रोड, कर्वेनगर, कर्वे पुतळा. रोज येता-जाता अण्णांचं नाव आपल्या तोंडी असतं आणि त्यांच्या सुनेची, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची, आठवण होते ती कोणी डेक्कन कॉलेजचा विषय काढला तर. इरावतीबाईंचा परिचय लिहायची वेळ माझ्यावर एकदा आली होती, त्यांच्या जयंतीनिमित्तच्या व्याख्यानात. दीडशे शब्द. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्म, शिक्षणासाठी पुण्यात हुजूरपागेत, रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर वाढल्या, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान, मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, १९२८ साली बर्लिन, १९३० साली पीएच.डी., १९३९ साली डेक्कन कॉलेज. सगळं कसं पायऱ्या चढल्यासारखं. पण बर्लिनच्या पायरीशी जरा थांबलं की वेगळंच दिसतं. सुनेनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी हे सासऱ्यांना पटलेलं नव्हतं. ज्यांनी हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झोपडीत आश्रम काढला आणि बायकांचं विद्यापीठ उभं केलं, ते सासरे! शेवटी नवऱ्यानं, दिनकररावांनी, जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि बायकोला बोटीवर बसवलं. तिकडे ती मानवी कवट्या मोजत बसली, आणि कवटीच्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध लागत नाही असा निष्कर्ष घेऊन आली, तोही कोणाच्या हाताखाली, तर वंशश्रेष्ठत्वाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या माणसाच्या. तिथे तसं लिहून पदवी घेऊन येणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

त्या परिचयात मी स्कूटर घातली होती. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणारी बाई, हे श्रोत्यांना आवडतंच. कर्जाची गोष्ट घातली नव्हती. महर्षींचं नाव निघाल्यावर सभागृहात जी हवा तयार होते, तिच्यात ती गोष्ट सांगायचा धीर मला झाला नाही, हे खरं कारण. आज वाटतं, परिचयात घालायची गोष्ट तीच होती. त्या घरात मुलं आईला ‘इरू’ म्हणायची आणि वडिलांना ‘दिनू’. कोण कोणाला सांभाळत होतं, याचा हिशेब त्या घरानं बहुधा ठेवलाच नाही. ठेवायची गरज पडली नाही, एवढी चैन किती घरांना परवडते?

आमच्या घराला परवडली नाही. माझी आई बँकेत होती. लक्ष्मी रोडच्या एका शाखेत, सेव्हिंग्जच्या काउंटरला. तेव्हा जून आणि डिसेंबर अशी दोन क्लोजिंग असायची. त्या आठवड्यांत आई रात्री नऊ-साडेनऊला घरी यायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळा डाग, केसांना लेजरच्या जुन्या कागदाचा वास. व्याजासाठी प्रत्येक खात्याचे प्रॉडक्ट, म्हणजे शिल्लक गुणिले कालावधी, काढायचे, ते दुसऱ्यानं तपासायचे, मग बेरजा जुळवायच्या. तीन रुपये चाळीस पैशांचा फरक लागला तर तीन रुपये चाळीस पैसे खिशातून घालून घरी जाता येत नाही. फरक सापडेपर्यंत सगळी शाखा बसून. घरी आल्यावर ती आधी आजीच्या खोलीत जायची. आजीला पक्षाघात झाला होता. कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची, आणि मग स्वयंपाकघरात येऊन गार वरणभात उभ्यानंच खायची. मी एकदा माझ्या गणिताच्या वहीत चुकलेला आकडा गिरवून गिरवून दुरुस्त केला, तेव्हा आईनं वही ओढून घेतली. “असं गिरवायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. कापलं कोणी, हे कळलं पाहिजे.” आईला बँकेनं दिलेल्या शिस्तीतली तेवढी एक गोष्ट माझ्यात उतरली. अजूनही मी खाडाखोड करत नाही.

आईनं दोनदा प्रमोशन सोडलं. बँकेतल्या घरांना हा शब्दप्रयोग समजेल. प्रमोशन नाकारत नाहीत, ‘सोडतात’, चालत्या गाडीतली जागा सोडावी तसं. क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली ठरलेली, आणि पहिली बदली बहुतेक वेळा लहान गावात. आजी अंथरुणावर, मी चौथीत, बाबांची फॅक्टरीतली पाळी. आईनं ‘अनविलिंग’ असं लिहून दिलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी दहावीत होते. पुन्हा अनविलिंग. तिच्याकडून व्हाउचर लिहायला शिकलेली मुलं पुढे तिचे साहेब झाली. त्यातला एक जण तर निवृत्त झाल्यावर घरी पेढे घेऊन आला आणि आईच्या पाया पडला. आईनं त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर म्हणाली, “ह्याला प्रॉडक्ट कधीच नीट काढता आले नाहीत.” आईचा परिचय कोणी लिहिला नाही. कुठल्या स्टेजवर ती गेली नाही. गेली असती तर ‘घरसंसार सांभाळून’ हे वाक्य तिच्याबाबत अक्षरशः खरं ठरलं असतं; पण मग ‘सांभाळून’च्या पुढे लिहायला काय उरलं असतं?

आई आता एक्याऐंशीची आहे. कार्यक्रमाची हकिकत मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितली. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “नोंद दुरुस्त केली ते बरंच केलं. वहिनी होती म्हणून गेली ती परभणीला. आपल्याकडे कोण होतं?” आवाजात तक्रार नव्हती, जमाखर्च मांडावा तसा सूर होता. मी तिला स्टेट बँकेच्या अरुंधती भट्टाचार्यांचं सांगितलं. इंग्रजी साहित्य शिकलेल्या, १९७७ साली प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागलेल्या, २०१३ साली बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या. त्यांच्या काळात त्या बँकेनं बायकांना मुलांसाठी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय केली, नोकरी न सोडता. आईनं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “दोन वर्षं? तुझी आजी अकरा वर्षं होती.” मग थोड्या वेळानं, “पण चांगलं केलं त्यांनी.” आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं, मी उठायला लागले तेव्हा, “त्या वहिनीनं काही म्हटलं का?”

म्हटलं होतं. त्याकडे येते. त्याआधी दुसऱ्या एका बाईंविषयी, कारण त्या रात्री वही चाळताना त्या सारख्या आठवत होत्या.

मंगला नारळीकर. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला होता. वाहिन्यांवर चर्चा, विधिमंडळात प्रश्न, व्हॉट्सॲपवर ‘पन्नास दोन पत्त्यांचा डाव’ वगैरे विनोद. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावरही एक आजोबा तावातावानं बोलत होते की, ह्यांना गणितातलं काय कळतं, नारळीकरांच्या पत्नी म्हणून समितीवर घेतलं. मी तेव्हा गप्प बसले. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. मुंबई विद्यापीठात १९६४ साली एम.ए.ला पहिल्या आल्या होत्या, सुवर्णपदक होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, मग लग्न, केंब्रिज, तिकडे शिकवणं, मुली, भारतात परत येणं, सासू-सासऱ्यांचं घर. पीएच.डी. १९८१ साली, गणितातल्या संख्या-सिद्धांतात. १९६४ आणि १९८१ या दोन आकड्यांमध्ये सतरा वर्षं आहेत. कोणत्याही परिचयात ती सतरा वर्षं एका स्वल्पविरामात मावतात. त्यांनी स्वतः एका लेखात मोकळेपणानं लिहिलं आहे की, त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या बायकांसारखं त्यांनीही घर आधी आणि गणित मग असंच ठेवलं. त्यात कुरकुर नाही आणि गौरवही नाही. ज्या पुस्तकात तो लेख आहे, त्याच्या एक संपादक रोहिणी गोडबोले, म्हणजे पुन्हा आपल्या पुण्याच्याच. हुजूरपागा, एस.पी. कॉलेज, मग पवईची आयआयटी आणि पुढे अमेरिकेत जाऊन कणभौतिकी. त्या सांगायच्या की शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञान असं वेगळं नव्हतंच, गृहशास्त्र होतं. म्हणजे सांभाळण्याचा अभ्यासक्रम आधी, विश्वाचा नंतर. या पुस्तकात त्यांनी शंभराच्या आसपास स्त्री-वैज्ञानिकांच्या गोष्टी जमवल्या, बऱ्याच जणींकडून त्यांच्या स्वतःच्या शब्दांत. मला तेव्हा त्याचं महत्त्व नीटसं कळलं नव्हतं. आता कळतं. दुसऱ्यानं लिहिलं की माझ्यासारखी कोणीतरी मीठ घालते.

उद्योगातल्या बायकांच्या परिचयात मीठ वेगळं असतं. तिथे ‘पतीच्या निधनानंतर’ हे शब्द येतात. अनु आगांविषयी काहीही वाचा, सुरुवात १९९६ पासून. रोहिंटन आगा गेले आणि त्या थरमॅक्सच्या प्रमुख झाल्या. झाल्या हे खरं. पण त्याआधी पाच वर्षं त्या कंपनीत मनुष्यबळ विभाग चालवत होत्या, आणि शिक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेतलं. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या खुर्चीत समाजकार्य शिकलेली बाई. वर्षभरानं तरुण मुलगाही अपघातात गेला. शेअर घसरत होता, आणि एका निनावी भागधारकाचं पत्र आलं की तुम्ही आमची निराशा केलीत. ती निनावी चिठ्ठी मी कधी विसरत नाही. कोणी लिहिली असेल? पुण्यातलाच कुणी निवृत्त मनुष्य असेल, शंभर-दोनशे शेअर धरून बसलेला, सकाळी उठून अर्थविषयक पान आधी उघडणारा. त्या पत्रानं त्यांना हलवलं, त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, नको असलेले व्यवसाय बंद केले, संचालक मंडळ बदललं आणि २००४ साली खुर्ची मुलीकडे, मेहेर पदमजींकडे दिली. मेहेर लंडनहून केमिकल इंजिनीअर होऊन आलेल्या. त्यांच्या परिचयात ‘पतीच्या निधनानंतर’ नाही. तिथे ‘आईनंतर’ आहे. वाचताना मला उगाचच बरं वाटतं.

आता वहिनी.

भाषणानंतर मागच्या बाजूला कॉफी होती. कागदी कप, बटाटेवडा, एक काजूकतली. पाहुण्याबाईंभोवती नॉमिनेशनचे प्रश्न घेऊन वीस बायका उभ्या. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत एकट्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, “माझं चुकलं. मला माहीत नव्हतं.” त्यांनी वडा अर्धा केला, अर्धा बशीच्या कडेला ठेवला. “अगं, तू सगळ्यांनाच तसं लिहितेस. गेल्या वर्षी त्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा तेच म्हणालीस.” मला काय बोलावं सुचेना. निवेदिकेचं कोणी इतकं लक्ष देऊन ऐकत असेल, हे पंधरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्या आपण होऊनच बोलायला लागल्या. नारायण पेठेतला वाडा, दोन खोल्या. नणंद बँकेतून सातला यायची, तिला सीएआयआयबीची परीक्षा द्यायची होती. पास झालं की इन्क्रिमेंट, आणि पुढे प्रमोशनला उपयोग. अभ्यासाला जागा स्वयंपाकघरच, कारण बाहेरच्या खोलीत वडील. ती भिंतीला टेकून बसायची, आणि पुस्तक पोळपाटाशेजारी, वहिनींच्या समोर. “पान मिटू नये म्हणून वर उडदाच्या डाळीचा डबा ठेवायचा. मी पोळ्या लाटत तिला प्रश्न विचारायची. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण विचारून विचारून जिभेवर बसलं.” आणि त्या बाई, मांडीवर पिशवी, हातात कागदी कप, शाळेतल्या मुलीसारख्या एका सुरात म्हणायला लागल्या, “डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट. डेबिट ऑल एक्स्पेन्सेस अँड लॉसेस, क्रेडिट ऑल इन्कम्स अँड गेन्स. डेबिट द रिसीव्हर, क्रेडिट द गिव्हर.” कॉफी संपली होती. त्यांनी कप चुरगळला. “पन्नास पोळ्यांमागं एक चॅप्टर व्हायचा. आमच्याकडे जेवणारी माणसं बरीच.”

“तुम्ही का नाही दिली परीक्षा?” मी विचारलं. मूर्ख प्रश्न होता, विचारताक्षणीच कळलं.

“ती बँकेत असणाऱ्यांची असते. मी कुठे बँकेत होते?”

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट मी कितीदा तरी निवेदनात वापरली आहे. चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं, रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका अंगठे लावणाऱ्या. मग त्या बायकांनी लिहाय-वाचायला शिकायला घेतलं आणि स्वतः अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नसेल, पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय येतं का बघा. १९९७ साली परवाना मिळाला. ही गोष्ट सांगितली की सभागृह हटकून उठतं. मीही तिच्यावर टाळ्या घेतल्या आहेत. पण म्हसवड लांब आहे, तिथल्या बायका नऊवारीतल्या, तिथलं शहाणपण आपल्याला लगेच दिसतं. नारायण पेठेतल्या पोळपाटाशेजारी डबल एन्ट्री पाठ झालेली बाई तिसऱ्या रांगेत बसली तर ती पाहुण्यांबरोबर आलेली कोणीतरी, एवढंच. आयोजकांनी तिच्यासाठी वेगळी खुर्चीही राखून ठेवली नव्हती. ती मी ठेवायला सांगायला हवी होती का? मला माहीतच नव्हतं, हे उत्तर खरं आहे, पण मला ते पुरत नाही.

आणि एक खटकत राहिलं, ते इथे लिहून टाकते. पाहुण्याबाईंनी भर सभेत वहिनींचं नाव घेतलं हे मला फार आवडलं, आणि त्याच वेळी ते वहिनींना आवडलं नाही हेही मी पाहिलं. पिशवीचे बंद सारखे करणारे ते हात. चाळीस वर्षांनी मिळालेली पावती, आणि तीही शंभर अनोळखी बायकांसमोर. कोणी ऋण फेडलं की घेणाऱ्याला ते मोजून घ्यावं लागतं, लोकांच्या देखत. कॉफीच्या वेळी त्या नणंदेविषयी एक शब्द वावगा बोलल्या नाहीत, आणि एक शब्द कौतुकाचाही बोलल्या नाहीत. निघताना दोघी एकाच रिक्षात बसल्या. पाहुण्याबाईंनी आधी वहिनींना बसू दिलं, तुळशीचं रोप त्यांच्या मांडीवर दिलं, शाल स्वतःकडे ठेवली.

मंडळाची वार्षिक स्मरणिका निघते, तिच्यात सगळ्या पाहुण्यांचे परिचय छापतात. माझ्याकडेच ते काम. या वेळी मी परिचय नव्यानं लिहिला. शब्दमर्यादा सोडून दिली. गावं घातली, सगळी. आणि खाली एक ओळ: ‘बदल्यांच्या काळात मुलीचं आणि वडिलांचं सगळं त्यांच्या वहिनींनी केलं; सीएआयआयबीचा अभ्यासही वहिनींनीच करून घेतला.’ छापण्याआधी एकदा नजर टाका, म्हणून पाहुण्याबाईंना पाठवलं. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यांनी माझा मजकूर कागदावर छापून घेतला होता आणि त्यावर लाल पेनानं दुरुस्त्या होत्या. अक्षर त्यांचं नव्हतं. ‘हुबळी, इंदूर’ याचा क्रम बदललेला, इंदूर आधी. परभणीच्या पुढे बारीक अक्षरात, ‘जूनचं क्लोजिंग झाल्यावर गेली, मुलीला तेव्हा गोवर होता’. पहिल्या पार्टच्या निकालाचं साल मी चुकवलं होतं, ते बरोबर केलेलं.

शेवटच्या ओळीवर पट्टी लावून मारलेली एक आडवी रेघ. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शेजारी छोटी सही.

फोटोखाली पाहुण्याबाईंनी लिहिलं होतं, “मी यात पडणार नाही. तुमचं तुम्ही दोघी बघा.”

मी तो फोटो आईला दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “सही बरोबर जागी केलीय,” म्हणाली.

छपाईवाल्या मुलाचा काल फोन आला. बाकी सगळी पानं लागली आहेत, तेवढं एकच राहिलंय, ती कापलेली ओळ घ्यायची की काढायची, विचारत होता. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. आज सकाळी त्याचा पुन्हा मेसेज आला आहे.